जुलैचा आकडा

पहिला कप संपल्यावर एन्नोनं चमचा कपात ठेवला आणि पुढच्या कपाची वाट बघत बसला.

आईनं किटली उचलली नाही. चमचा कपात गेला म्हणजे पुरे, आता ओतू नका. तो बशीत आहे तोवर ओतत राहायचं. जर्मनीच्या उत्तर टोकाला, आमच्या पूर्व फ्रिसलंडमध्ये तीन कपांच्या आत चमचा कपात ठेवणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर बव्हेरियाहून आलेला. थोड्या वेळानं एन्नोनं रिकाम्या कपाकडे पाहिलं, मग आईकडे.

"चहा संपला का?"

"संपेल कशाला? चमचा तूच ठेवलास कपात."

बाबा हसले. पोरगा शहरात राहून पाहुणा झाला, म्हणाले, उद्या चहावरची सायही ढवळायला लागेल, परक्यांसारखी. एन्नोही हसला, चमचा काढून बशीत ठेवला. आईनं खडीसाखरेचा खडा टाकला, त्यावर चहा ओतला, कडेनं साय सोडली. त्यानं तो कप संपवला आणि चमचा पुन्हा कपात ठेवला. पुन्हा वाट बघत बसला.

या वेळी कुणी हसलं नाही. आईनं स्वतःच चमचा उचलून बशीत ठेवला आणि ओतलं, आणि बाबांनी विषय गवताच्या कापणीवर नेला. मी मात्र त्या चमच्याकडे बघत राहिले.

एन्नो माझा धाकटा भाऊ, एकवीस वर्षांचा. फुटबॉलच्या दुसऱ्या लीगमधल्या एका संघात मधल्या फळीच्या मागे, बचावात खेळतो. शनिवारच्या सामन्यात कॉर्नरला उडी मारताना त्याचं डोकं समोरच्या खेळाडूच्या डोक्यावर आपटलं होतं. आम्ही टीव्हीवर पाहिलं. तो गवतावर पालथा पडला, थोडा वेळ हललाच नाही, मग उठून हात हलवला आणि सामना संपेपर्यंत खेळला. रविवारी क्लबच्या डॉक्टरांनी संगणकावरची चाचणी घेतली. तिचा आकडा मोसमाच्या सुरुवातीला, जुलैमध्ये घेतलेल्या मूळ चाचणीइतकाच आला. म्हणजे मेंदूला हादरा बसलेला नाही, नुसता मुका मार. दोन दिवस विश्रांती, बुधवारी सरावाला हजर. म्हणून सोमवारी तो आगगाडीनं घरी आला होता.

आणि येत्या शनिवारी मोसमातला शेवटचा सामना होता. हरले तर संघ तिसऱ्या लीगमध्ये घसरणार होता. एन्नोचा करार जूनअखेर संपत होता. क्लबच्या व्यवस्थापकानं त्याला सांगितलं होतं, आधी लीगमध्ये टिकू, मग बसून बोलू. याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळत होता.

या शनिवारपर्यंत पोचायला त्याचं सगळं आयुष्य लागलं होतं, असं म्हटलं तरी चालेल. तो आठ वर्षांचा असताना बाबांनी कोठाराच्या तुळईला दोरीनं एक चेंडू टांगला. एन्नोनं उडी मारून कपाळानं तो टोलवायचा. पोरगा वाढला की बाबा दोरी आखडून घेत, म्हणजे चेंडू कायम त्याच्या डोक्यापेक्षा वीतभर वरच राही. कोठारातला तो धप्प धप्प आवाज ऐकत मी अभ्यास केला. गावच्या संघातून जिल्ह्याच्या, तिथून पंधराव्या वर्षी आत्ताच्या या मोठ्या क्लबच्या वसतिगृहात. मग राखीव संघ, नडगीचं हाड मोडून वाया गेलेलं एक वर्ष, पुन्हा राखीव संघ. यंदाच्या मार्चमध्ये पहिल्या संघातल्या एका जुन्या बचावपटूचा गुडघा गेला आणि त्याची जागा एन्नोला मिळाली. तेव्हापासून तो प्रत्येक सामना सुरुवातीपासून खेळत होता. दोन गोल केले होते, दोन्ही डोक्यानं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आलेला त्याचा फोटो बाबांनी कापून गोठ्याच्या दारावर लावला होता. गाईंना दाखवायला, असं आई म्हणायची.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं समुद्राच्या बांधावर फिरायला गेलो. समुद्र ओसरला होता, चिखल चमकत होता. एन्नोनं टोपी पार डोळ्यांवर ओढून घेतली. मी माझ्या कामाबद्दल सांगत होते. मी पदार्थविज्ञान शिकून आता पवनचक्क्यांच्या पात्यांची कंपनं मोजते. बांधाच्या जिन्याजवळ त्यानं विचारलं, तुझ्या नव्या कामाचं कसं चाललंय. मी म्हटलं, आत्ताच तर सांगितलं. हो हो, म्हणाला. मेंढ्यांच्या फाटकापाशी त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा उत्तर दिलं, पहिल्यांदाच देत असल्यासारखं.

माझ्या कामात एक साधी गोष्ट असते. पातं नवं असताना त्याला ठोका मारून ते कसं थरथरतं याची नोंद घेतात. पुढे कधी गारा लागल्या, वीज पडली, की पुन्हा ठोका मारायचा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघायच्या. फरक नसला तर पातं ठीक. सगळा भरवसा त्या पहिल्या नोंदीवर. ती घेताना पात्यावर कुणी ओली पोती टाकून ठेवली असतील, तर पुढची कित्येक वर्षं आपण तडा गेलेल्या पात्याला शाबासकी देत राहू. बांधावरून परतताना माझ्या डोक्यात ही ओली पोती घोळत होती.

आई-बाबा गोठ्यात होते. मी स्वयंपाकघराच्या खणातून आमची जुनी लाकडी पट्टी काढली. लहानपणी भांडी कुणी घासायची हे आम्ही तिच्यावर ठरवायचो. एकानं पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लटकवायची, दुसऱ्यानं खालच्या टोकाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. न सांगता पट्टी सोडायची. जो जितक्या खाली पकडेल तितका तो चपळ. एन्नो वसतिगृहात गेला त्या उन्हाळ्यात त्यानं अशी काही पकडली होती, की मी तिथं पेन्सिलीनं रेघ मारून 'ए' लिहिलं होतं. रेघ पट्टीच्या मध्याच्या जरा खालीच होती. मी त्या रेघेच्या जवळपासही कधी पोचले नव्हते.

"भांडी?" त्यानं पट्टी बघून विचारलं.

"भांडी."

मी पट्टी सोडली. त्यानं पकडली, पण अगदी वरच्या टोकाला. दुसऱ्यांदा ती त्याच्या बोटांतून सरळ निसटून फरशीवर आपटली. तू फसवतेस, म्हणाला. मी पुन्हा धरली. पुन्हा फरशी. चौथ्या वेळी पकडली, तीही टोकालाच. मग त्यानं हात खिशात घातला.

पट्टी हे काही वैद्यकीय साधन नव्हे, हे मला माहीत होतं. चार वेळा सोडून काहीच सिद्ध होत नाही. पण मी त्याला म्हटलं, की ही पट्टी आणि रविवारची चाचणी एकमेकांशी जुळत नाहीत. संगणकाच्या पडद्यावर खेळायचा पत्ता उलटला की बटण दाबायचं, म्हणजे हीच पट्टी की. इथं तुझी पट्टी खाली पडते आणि तिथं तू जुलैइतकाच चपळ कसा?

तो खिडकीकडे पाठ करून बसला. खिडकीतून ऊन येत होतं.

मग त्यानं सांगितलं, जुलैमध्ये तसं कुणीच खरं करत नाही. मूळ चाचणी सगळ्यांनी थोडी हळू करायची, ही ड्रेसिंग रूममधली पद्धत. वर्षभरात कधी डोक्याला लागलं तर तेव्हाचा आकडा जुलैइतकाच यावा, म्हणून. एकदा का डॉक्टरांनी हादरा म्हटलं, की आठवडे बाहेर बसावं लागतं आणि तेवढ्यात तुमच्या जागी कुणी तरी दुसरा उभा राहतो. त्याला हे कर्णधार कोरायनं शिकवलं होतं. पत्ता उलटला की आधी मनात आपलं नाव घ्यायचं, मग बटण दाबायचं. प्रत्येक वेळी नाही, नाहीतर संगणकाला संशय येतो. अधूनमधून घ्यायचं.

"कोरायला नावं ठेवू नकोस," तो म्हणाला. "मी वसतिगृहात एकटा असताना दर रविवारी तोच जेवायला बोलवायचा."

मला वेगळंच विचारायचं होतं.

"रविवारी घेतलंस नाव?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही म्हटलं ना. रविवारी जीव तोडून केली."

हे बोलून तो थांबला. पट्टी अजून फरशीवर पडलेली होती. जुलैमध्ये त्यानं मुद्दाम रेंगाळत जो आकडा काढला होता, तोच आकडा काढायला रविवारी त्याला जीव तोडावा लागला होता. तो वाकून पट्टी उचलायला गेला आणि अर्ध्यात टेबलाचा काठ धरून उभा राहिला.

डोकं दुखतं का, मी विचारलं. दुखतं. शनिवारपासून. उजेडानं जास्त. मळमळतंही. डॉक्टरांनी हेच विचारलं होतं तेव्हा त्यानं सगळ्याला नाही म्हटलं होतं. माझं म्हणणं एवढंच होतं, की हे जाऊन त्यांना सांग. त्याचं म्हणणं, की सांगेन, शनिवार झाल्यावर. एकच सामना आहे. मी म्हटलं, पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो पहिल्याइतक्यावर थांबत नाही. कुणाचं आयुष्यभराचं नुकसान होतं, कुणी मैदानावरच दगावतं. तो म्हणाला, तू वाचलेलं मला सांगू नकोस, मी हे रोज जगतो. आणि जुलैचं सांगितलं तर ते माझ्या एकट्याचं राहत नाही, सगळी ड्रेसिंग रूम उघडी पडते. शेवटच्या सामन्याच्या आठवड्यात. मला तिथं परत कोण उभं करेल?

"मी फोन केला तर?"

"कर. पण मग मला बहीण नाही असं समज."

त्याचा आवाज चढला नव्हता. बाबा बूट काढून आत आले होते आणि दारात उभे होते. किती ऐकलं ते कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की डॉक्टरांनी ठीक आहे म्हणून सांगितलंय ना? एन्नो हो म्हणाला. बाबांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

संध्याकाळच्या चहाच्या वेळी आमचा एक करार झाला. मी फोन करणार नाही. बुधवारी त्याला मीच गाडीनं सोडणार, सरावाआधीच्या तपासणीच्या वेळी तिथं बसणार, आणि तोंड उघडणार नाही. यात तुला काय मिळालं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, नुसतं बसायला मिळेल. त्याला ते चमत्कारिक वाटलं, पण तो तयार झाला.

बुधवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा बाबांनी गाडीच्या खिडकीतून आत हात घालून त्याचं डोकं कुरवाळलं. असं ते कधी करत नाहीत. कालव्याकाठच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पॉपलरची झाडं आहेत आणि सूर्य खाली असला की उजेड-सावली उजेड-सावली असे पट्टे गाडीवरून सरकत राहतात. एन्नोनं डोळे मिटले. मग हातानं झाकले. मग म्हणाला, थांबव. मी गाडी बाजूला घेतली. तो उतरून चराच्या कडेला ओणवा झाला आणि सकाळचं सगळं उलटून टाकलं. पलीकडच्या कुरणातल्या गाई वर बघून पुन्हा चरायला लागल्या. परत येऊन बसल्यावर त्यानं तोंड पुसलं.

"बाबांना सांगू नकोस."

पुढचा सगळा रस्ता तो झोपला, किंवा झोपल्यासारखा बसला.

क्लबच्या इमारतीत डॉक्टरांच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. कोराय तिथं घोट्याला पट्टी बांधून घेऊन बसला होता. टीव्हीवर वाटतो त्यापेक्षा बुटका, कानशिलांवरचे केस पांढरे व्हायला लागलेले. एन्नोला बघून उठला आणि त्याच्या मानेला कोपरानं आवळलं, तेव्हा एन्नोनं ओठ दाबून धरलेले मला दिसले.

"ही कोण? वकील आणलास का करारासाठी?"

"बहीण माझी. पवनचक्क्यांची डॉक्टर."

"मग आमच्या ट्रेनरला तपासा हो जरा," कोराय मला म्हणाला. "तोही वारा येईल तिकडे तोंड फिरवतो."

मला हसू आलं. माणूस आवडण्यासारखा होता, आणि ते मला सोयीचं नव्हतं. तो एन्नोला येत्या शनिवारच्या कॉर्नरबद्दल सांगायला लागला. मध्येच त्यानं डावा हात वर केला आणि मूठ मनगटावर दोनदा आपटली. "हा दिला की तू कुठं?"

एन्नो त्याच्याकडे बघत राहिला.

ही त्यांची कॉर्नरची खूण होती. मार्चपासून ते हीच वापरत होते. एन्नोचे दोन्ही गोल याच खुणेवर झाले होते, आणि घरी जेवणाच्या टेबलावर मीठदाणी नि मोहरीची बाटली मांडून त्यानं ती आम्हाला इतक्या वेळा समजावली होती, की आईलासुद्धा पाठ होती. जवळच्या खांबाकडे दोन पावलं टाकायची आणि मग वळून मागे धावायचं.

"जवळच्या खांबाला," एन्नो म्हणाला. कोराय थांबला होता. "जवळच्या खांबालाच ना?"

"आणि मग?"

एन्नो हसला आणि कोरायच्या दंडावर चापट मारली, मला काय विचारतोस, तूच विसरलास का, अशा अर्थाची. कोरायही हसला, पण जरा उशिरानं. एन्नोनं माझ्याकडे पाहिलं. मी ठरल्याप्रमाणे तोंड बंद ठेवलं होतं. नजर फिरवायची मात्र राहून गेली.

डॉक्टर रुशेनबेक यांनी दार उघडून त्याला आत बोलावलं. पन्नाशीच्या, पांढऱ्या बुटांच्या, घाईत असलेल्या बाई. दार उघडंच राहिलं. बाकावरून मला आतलं दिसत होतं आणि घोट्याची पट्टी नीट करायच्या निमित्तानं कोरायही तिथंच रेंगाळला होता. डॉक्टरांनी एन्नोच्या डोळ्यांसमोर पेन फिरवलं, एका पायावर उभं केलं, रविवारचा कागद पुन्हा पाहिला. डोकं? ठीक. झोप? ठीक. जुलैशी अगदी तंतोतंत जुळतंय, त्या म्हणाल्या, असं फार कमी वेळा बघायला मिळतं. मग त्यांनी सही केली आणि कागद त्याच्या हातात देताना म्हणाल्या, शनिवारी डोक्यानं एक गोल हवा हं आम्हाला.

एन्नो कागद घेऊन दारापर्यंत आला. उंबऱ्यावर उभा राहिला. त्याच्या पलीकडे बाकावर मी होते, कोराय होता, आणि कोरायच्या मागे काचेतून मैदान दिसत होतं. संघातले बाकीचे तिथं गोल करून चेंडू फिरवत होते. तो मागे वळला.

"डॉक्टर, जुलैचा आकडा खोटा आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"मी मुद्दाम हळू केली होती. रविवारी हळू केली नाही. रविवारची खरी आहे."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आधी राग आला आणि मग त्यांनी दोन्ही आकडे मनात शेजारी ठेवले असावेत, कारण राग गेला आणि तिथं दुसरंच काही आलं. त्यांनी त्याच्या हातातला कागद परत घेतला. बस, म्हणाल्या. हे तुला कुणी शिकवलं?

"कुणी नाही. माझं मलाच सुचलं."

डॉक्टरांनी उघड्या दारातून बाहेर पाहिलं. कोराय उभा होता. त्यानं एन्नोकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो मैदानाकडे निघून गेला. घोट्याच्या पट्टीचं सुटलेलं टोक फरशीवरून त्याच्या मागे घासत गेलं.

त्यानंतरचं सगळं झटपट झालं. इस्पितळ, डोक्याची चित्रं. चित्रांत काही दिसलं नाही. असल्या हादऱ्यात बहुतेक वेळा दिसत नाहीच, असं डॉक्टर रुशेनबेक यांनी सांगितलं. अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं, फोन बघायचा नाही, पळायचं नाही, चेंडूला हात लावायचा नाही. किती दिवस, ते सांगता येत नाही. एरवी आम्ही मूळ आकड्यावर परत येईपर्यंत थांबतो, त्या म्हणाल्या, पण तुझा मूळ आकडा आमच्याकडे नाहीच. कुठं तरी आहे का? एन्नोनं माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीवरच्या रेघेबद्दल काही बोलले नाही. पंधरा वर्षांच्या पोरानं भांडी चुकवायला मारलेली झडप हे कसलंच मोजमाप नव्हे. पण दुसरं काही नव्हतंही.

शनिवारचा सामना आम्ही रेडिओवर लावला, आवाज अगदी कमी करून, त्याच्या खोलीचं दार किलकिलं ठेवून. एन्नोच्या जागी राखीव संघातला एकजण खेळला. एन्नोहून लहान. आमचा संघ एक शून्यनं जिंकला आणि लीगमध्ये टिकला. गोल कॉर्नरवर झाला, त्याच खुणेवर. निवेदक त्या नव्या मुलाचं नाव पुन्हा पुन्हा घेत होता. बाबांनी उठून रेडिओ बंद केला. एन्नो आतून म्हणाला, राहू दे की, जिंकलो ना आपण. पण 'आपण' म्हणताना त्याची जीभ जराशी अडखळली, आणि ते हादऱ्यामुळं होतं की कशामुळं, हे मला सांगता येणार नाही.

व्यवस्थापकानं जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन केला. चांगलं बोलला. तब्येतीची चौकशी केली, आईला नमस्कार सांगितला. करार वाढवणार नव्हते. ड्रेसिंग रूमच्या फोनवरच्या गटावर एन्नोला कुणी काही लिहिलं नाही. आजाराची चौकशी नाही आणि शिवीही नाही. सगळ्यांची मूळ चाचणी पुन्हा होणार, या वेळी प्रत्येकाशेजारी कुणी तरी बसून, एवढंच त्याला तिथून कळलं. तो गट त्यानं काढून टाकला नाही. दिवसातून एकदा उघडायचा, डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या वेळात.

त्याच सुमारास बाबांनी कोठारातला चेंडू उतरवला. कुणाला विचारलं नाही. दोरी तुळईवरच राहिली, कारण गाठ इतकी घट्ट बसली होती की सुटेना, आणि कापायचं त्यांच्या मनात नसावं.

जून संपता संपता एका रविवारी दुपारी अंगणात एक अनोळखी गाडी येऊन थांबली. कोराय उतरला. हातात तुर्की मिठाईचा, बकलावाचा डबा होता. आईला तो कोण ते माहीत होतं आणि त्यानं काय शिकवलं तेही आता माहीत होतं. तिनं डबा घेतला, बस म्हणाली आणि किटली ठेवली. तिच्यापुढं दुसरा मार्गच नव्हता, घरी आलेल्याला चहा न देणं तिला जमलं नसतं.

कोराय मोकळा माणूस, पण बसल्यावर त्याला सुरुवात कुठून करावी कळेना. वाऱ्याबद्दल बोलला, रस्त्याबद्दल बोलला. मग म्हणाला, त्याचा एक जुना सोबती तिसऱ्या लीगमधल्या एका संघाचा प्रशिक्षक आहे आणि त्याला बचावपटू हवाय. एन्नोबद्दल सगळं सांगितलंय, जुलैच्या भानगडीसकट. त्याला चालतंय. फक्त सराव सुरू व्हायच्या दिवशी, म्हणजे पुढच्या आठवड्यात हजर व्हायला हवं.

बाबांनी एन्नोकडे पाहिलं. मीही पाहिलं. उजेड त्याला आता सहन होत होता. पडदे उघडे होते. तो रोज चालायला जात होता आणि तीच गोष्ट दोनदा विचारत नव्हता. आदल्या दिवशी आम्ही पट्टी सोडून पाहिली होती. प्रत्येक वेळी त्यानं पकडली होती, आणि दोन वेळा तर रेघेच्या जवळ. पण जवळच.

"पुढच्या आठवड्यात नाही जमणार," एन्नो म्हणाला. "सप्टेंबर. कदाचित."

"सप्टेंबरपर्यंत तो कुणाला तरी घेऊन टाकेल रे."

"मग घेईल."

कोरायनं वाद घातला नाही. हातातला कप तो नुसता फिरवत राहिला. मग आमच्यापैकी कुणाकडे न बघता सांगायला लागला, की त्याचीही चाचणी पुन्हा झाली. शेजारी बाई बसवली होती. नाव वगैरे काही घेतलं नाही, एन्नोसारखीच जीव तोडून केली. त्याची पहिली चाचणी कितीतरी वर्षांपूर्वीची, तेव्हा भरपूर रेंगाळला होता, अगदी मापात.

"आकडा तोच आला," तो म्हणाला. "आणि मला तर डोक्याला वगैरे काही लागलेलंही नव्हतं."

आईच्या हातात किटली होती. कोरायनं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि काही तरी करायचं म्हणून चमचा उचलून कपात ठेवला.

आईचा हात अर्ध्यात थांबला.

एन्नोनं टेबलावरून हात लांब करून कोरायच्या कपातला चमचा काढला आणि बशीत ठेवला. "अजून दोन आहेत," तो म्हणाला. आईनं खडीसाखरेचा खडा टाकला आणि ओतलं.